सप्टेंबरात पूर, फेब्रुवारीत टँकर

(महासंघाच्या वार्षिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या सख्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



अध्यक्षताईंनी मला सांगितलं होतं, वीस मिनिटं बोल आणि बँक जोडणीवर बोल. बँक जोडणीवर मी दर महिन्याला बोलतेच. तुम्ही कंटाळलात, खरं सांगायचं तर मीही कंटाळले. म्हणून त्यांची परवानगी काढून विषय बदललाय. आज आपण ओढ्याबद्दल बोलू.

ओढ्याचा आणि बचत गटाचा काय संबंध? संबंध आहे. गेली दोन वर्षं माझ्याकडे कर्जाचे जे अर्ज येतात त्यात ‘कारण’ या रकान्यात नवे शब्द दिसायला लागलेत. पूर्वी तिथे शेळी असायची, शिलाई मशीन असायचं, मुलाची फी, बियाणं, दवाखाना. आता लिहिलेलं असतं बोअर. टाकी. मोटार जळाली. ओढ्याचं पाणी घरात शिरलं, धान्य भिजलं. एकाच गटात, रजिस्टरच्या एकाच पानावर, एक अर्ज पाणी फार झालं म्हणून आणि त्याच्या खालचा पाणी नाही म्हणून. आपण बायका म्हणतो, काय करणार, निसर्गच बिघडलाय. निसर्गाचा काही वाटा असेल. पण या दोन्ही अर्जांचं मूळ बरंचसं एकच आहे आणि ते आपल्या डोळ्यांसमोर वरच्या उतारावर चाललंय.

पाणलोट हा शब्द तुम्हाला नवा नाही. तरी एकदा घराच्या छपराकडे बघा. आढ्याच्या या अंगाला पडलेलं पाणी पुढच्या अंगणात येतं, त्या अंगाचं मागच्या परसात जातं. डोंगराचा माथा म्हणजे आढं आणि ओढा म्हणजे पन्हळ. माथ्यापासून पन्हळीपर्यंतचं सगळं रान, त्यात गायरान आलं, शेतं आली, वस्ती आली, रस्ता आला, हे सगळं मिळून त्या ओढ्याचा पाणलोट. आपला कात्रजचा घाट हे असंच एक मोठं आढं आहे. घाटाच्या पुण्याकडच्या अंगाला पडलेलं पाणी आंबिल ओढ्यातून मुठेला जातं. आपल्या अंगाचं शिवगंगेतून पुढे नीरेला. दोन्ही शेवटी भीमेलाच मिळतात, पण मधली वाट वेगळी.

आता हे पाणी रानावर पडलं की काय होतं? थोडं पानावर, गवतावर अडतं. बरंचसं मातीत शिरतं. मातीचं पोट भरलं की खाली मुरमात उतरतं. मुरूम म्हणजे आपला काळा पाषाणच, हजारो वर्षं झिजून, फुटून भुसभुशीत झालेला. त्याच्या खाली अखंड पाषाण लागतो. त्यात फटी असतील तेवढंच पाणी मावतं. ज्यांच्या घरच्या विहिरी खणताना त्या उभ्या होत्या त्यांनी हे पाहिलंय. वर माती, मग मुरूम, मग सुरुंग लावावा लागला तो दगड. पाझर कुठून सुटला होता? मुरमातून आणि त्याच्या खालच्या फुटक्या थरातून.

म्हणजे आपली खरी पाण्याची टाकी जमिनीखाली आहे आणि ती मुरमाची आहे. फार मोठी नाही. गंगेच्या काठी गाळाचे थर शेकडो फूट खोल असतात, तसं आपल्याकडे नाही. आपली टाकी दर पावसाळ्यात भरते आणि दर उन्हाळ्यात जवळजवळ रिकामी होते. मधल्या काळात ती हळूहळू ओढ्यात पाझरत राहते. पाऊस परतून गेल्यावर, दसऱ्या-दिवाळीला ओढ्याला जे नितळ पाणी असतं ते त्या दिवशी आभाळातून आलेलं नसतं. श्रावणात पडलेला पाऊस मुरमातून वाट काढत कार्तिकात ओढ्याला पोचलेला असतो. इथे बसलेल्या मोठ्या मावश्या सांगतात की संक्रांतीपर्यंत ओढ्यावर धुणं व्हायचं, गुरं पाणी प्यायची. संक्रांतीपर्यंत ओढा वाहायचा तो मुरमाच्या जिवावर.

आता उतारावर प्लॉटिंग येतं. पहिल्या दिवशी येतो जेसीबी. ताली मोडतात. आपल्या आज्या-पणज्यांनी डोक्यावर दगड वाहून रचलेल्या ताली एका सकाळीत सपाट होतात. गवत, झुडूप जातं. उतार कापून मुरूम काढतात आणि तोच मुरूम आतल्या रस्त्यांवर पसरून त्यावर रोलर फिरवतात. म्हणजे टाकी फोडली आणि तिच्याच विटांचा रस्ता केला. रोलर फिरलेली जमीन मातीची दिसते, पण ती पाणी पीत नाही. पुढे त्यावर डांबर येतं, घरं येतात, पार्किंगला काँक्रीट येतं, कडेला गटार येतं. गटाराचं तोंड कुठे सोडतात? ओढ्यात. दुसरं कुठे सोडणार?

इथे एक हिशोब मांडते. आपल्या सगळ्याजणींना हिशोब येतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एक गुंठा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर. तर एका गुंठ्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की किती पाणी झालं? दहा हजार लिटर. म्हणजे मोठा एक टँकर. एक गुंठा, एक जोरदार पावसाचा दिवस, एक टँकर. हे लक्षात ठेवायला सोपं आहे.

गवत असलेल्या, ताली घातलेल्या रानात त्या टँकरमधलं बरंच पाणी जागेवरच थांबतं. नक्की किती ते उतारावर, मातीवर आणि आधी रान किती भिजलंय त्यावर ठरतं. पण छत, डांबर आणि काँक्रीट यावर दहा भागांतले साधारण नऊ भाग लगेच वाहून जातात. दहा एकरांचं प्लॉटिंग धरा. म्हणजे 400 गुंठे. त्यातला अर्धा भाग घरं-रस्त्यांनी झाकला गेला तर 200 गुंठे. त्या एका पावसात त्या 200 गुंठ्यांवरून 180 टँकर पाणी ओढ्याकडे धावतं. आणि मग फेब्रुवारीत तोच टँकर आपण पैसे मोजून बोलावतो.

पाणी किती येतं हे एक झालं. कधी येतं हे दुसरं, आणि माझ्या मते तेच जास्त त्रासाचं आहे. हळदीकुंकवाला शंभर बायका बोलावल्या आणि त्या दुपारी तीनपासून रात्री आठपर्यंत चार-चार, पाच-पाच करून आल्या तर घर लहान असलं तरी भागतं. वाण देता येतं, बसायला सतरंजी पुरते. त्याच शंभर जणी बरोबर पाचला एकदम दारात आल्या तर? दार तेच, बायका तेवढ्याच, पण चेंगराचेंगरी. ओढ्याचं असंच होतं. रानातलं पाणी बांधाला अडत, वळणं घेत, कुणी लवकर कुणी उशिरा असं यायचं. गटारातलं आणि डांबरावरचं पाणी सरळ, गुळगुळीत वाटेने, सगळीकडून एकाच वेळी येतं. पाऊस तेवढाच असला तरी ओढ्याची पातळी पूर्वीपेक्षा उंच चढते, लवकर चढते आणि लवकर उतरते. हे जगभर मोजलेलं आहे. आणि ज्या पाण्याने तासाभरात गाव सोडलं ते मुरमात कधी उतरणार? उतरतच नाही. म्हणून सप्टेंबरात पूर आणि फेब्रुवारीत कोरडी विहीर. दोन संकटं वाटतात, पण ते एकाच पाण्याचं गणित आहे.

मोरीचंही थोडं सांगते, कारण मोरीवरून गावात फार भांडणं होतात. प्लॉटिंगवाले ओढ्यावरून रस्ता नेतात तेव्हा खाली सिमेंटचे पाइप टाकतात. तिथे चार फुटी एक पाइप लागणार असेल आणि कुणी म्हणालं, त्याऐवजी दोन फुटी दोन टाकतो, सारखंच झालं, तर ते सारखं नाही. पाइपची रुंदी दुप्पट झाली की तोंड चौपट होतं. चार फुटी एका पाइपच्या तोंडाएवढं तोंड व्हायला दोन फुटी चार पाइप लागतात. खोटं वाटलं तर घरी जाऊन भाकरी थापून बघा. दुप्पट रुंद भाकरीला त्याच जाडीत पीठ चौपट लागतं. शिवाय लहान पाइपात पालापाचोळा, प्लास्टिक, एखादी फांदी अडकली की संपलं. मग तो रस्ता रस्ता राहत नाही, धरण होतो. वरच्या बाजूच्या घरांत पाणी शिरतं आणि कधी भराव फुटला की खालच्यांची पाळी.

हे सगळं मी पुस्तकातलं सांगत नाही. घाटाच्या पलीकडे हे घडून गेलंय.

आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो. 1750 च्या आसपास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधले आणि तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून पार शनिवारवाड्यापर्यंत नेलं. मध्ये मध्ये हवेसाठी आणि पाणी निवळण्यासाठी उच्छ्वास ठेवले. त्यातले काही आजही शहरात उभे आहेत. सारसबागेतला तळ्यातला गणपती तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी पाहिला असेल. तो ज्या तळ्यात होता ते तळंही याच आंबिल ओढ्याला बांध घालून केलेलं. म्हणजे एका राजधानीने ज्या डोंगराचं पाणी प्यायलं, असा हा ओढा. गाळून, निवळून यायचं ते पाणी.

आज त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला कात्रज, खाली बालाजीनगर, पद्मावती, सहकारनगर, मग पर्वती, दांडेकर पूल, असं सगळं दाटीवाटीचं शहर आहे. डोंगर कापलेत. ओढ्याला भिंती घातल्यात, काही ठिकाणी वळणं काढून तो सरळ केलाय, काही ठिकाणी तो आखडलाय, ठिकठिकाणी त्यावर पूल आणि मोऱ्या आहेत. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री तिथे काही तास धुवाधार पाऊस पडला. रात्रीची वेळ. लोक जेवून झोपायच्या तयारीत. ओढ्याचं पाणी सोसायट्यांत शिरलं, वस्त्यांत शिरलं, गाड्या काडेपेटीसारख्या वाहून गेल्या. अरण्येश्वर भागात भिंत कोसळून माणसं गेली. त्याच रात्री आपल्या बाजूला खेड-शिवापूरला दर्ग्यात झोपलेली माणसं वाहून गेली. ती आठवण इथे अनेकींना आहे. पुणे शहर आणि जिल्हा मिळून त्या पावसाने वीसहून जास्त जीव घेतले.

एमएसडब्ल्यूला असताना माझं क्षेत्रकार्य ओढ्याकाठच्या एका वस्तीत होतं, पुरानंतर काही महिन्यांनी. तिथल्या एका मावशींना मी सर्वेक्षणाचा प्रश्न विचारला, पाणी किती वेगाने वाढलं? त्या म्हणाल्या, “बाई, वाढलं म्हणू नको. वाढतं ते आपल्या गावाकडच्या नदीचं. हे आलं.” त्या मूळच्या सोलापूरकडच्या. भीमेचा पूर त्यांनी लहानपणी पाहिलेला. नदी एक-एक पायरी चढते, माणूस भांडीकुंडी उचलतो, गुरं सोडतो. इथे नळावरची बादली भरेपर्यंत पाणी गुडघ्यावर. मोठी नदी आणि लहान ओढा यातला फरक त्यांनी मला एका वाक्यात शिकवला. लहान पाणलोट, वर सगळं सिमेंट, मग इशारा द्यायला वेळच उरत नाही.

आता कुणी विचारेल, आणि विचारायलाच पाहिजे, की त्या रात्री कऱ्हेलाही पूर आला, बारामतीपर्यंत लोकांना हलवावं लागलं, तिथे वरच्या अंगाला कुठे शहर आहे? बरोबर आहे. फार मोठा पाऊस आला की रानसुद्धा हात टेकतं. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस जंगलावर पडला तरी वाहणारच. म्हणून सगळा दोष सिमेंटवर टाकणं मला पटत नाही. सिमेंटचा सगळ्यात जास्त फरक पडतो तो नेहमीच्या जोरदार पावसात, वर्षातून चार-पाच वेळा येतो त्या. पूर्वी त्या पावसाने ओढा निम्मा भरायचा, आता काठोकाठ भरतो. आणि अगदी मोठ्या पावसात माणसं मरतात ती जास्त करून ओढ्याच्या पात्रात, काठाला काय बांधलंय त्यामुळे. पाणी वाहणारच होतं, पण त्याच्या वाटेत घर नको होतं.

त्या वाटेत घर कुणाचं असतं, हाही प्रश्न आहे. ओढा आखडतो तो काही सगळ्यात गरिबांमुळे नाही, पण हटवायची वेळ आली की पहिला नंबर त्यांचा. 2021 च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळ आंबिल ओढ्याकाठची घरं पाडायला यंत्रणा आली. बायका पोराबाळांसह रस्त्यावर उतरल्या, शेवटी कोर्टाची स्थगिती आली. मी कुणाची बाजू सोपी करून सांगत नाही. पुराच्या पाण्यात राहणं धोक्याचंच आहे. पण वरच्या अंगाला डोंगर कापणाऱ्याच्या दारात कधी जेसीबी उभा राहिलेला मी पाहिला नाही.

बरं, आता आपल्याकडे या. 2017 मध्ये पुण्याच्या हद्दीत 11 गावं गेली, 2021 मध्ये आणखी 23. जी गेली नाहीत त्यांच्या अवतीभवतीही शहर पोचलंच आहे. पाट्या बघा रस्त्याने. निसर्गाच्या सान्निध्यात, ओढ्याकाठी, डोंगराच्या कुशीत. ज्या ओढ्याच्या नावावर प्लॉट विकतात तो ओढा नकाशावर दाखवा म्हटलं की एजंट गप्प.

जमीन विकू नका, असं सांगायला मी उभी नाही. मुलीचं शिक्षण, घरातलं आजारपण, नवऱ्याचं कर्ज, हे मला तुमच्या रजिस्टरमधून रोज दिसतं. एकरातून काय पिकतं आणि गुंठ्याला काय भाव मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एवढंच सांगते की सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे तिथे सही तुमची लागते, आणि सही करायच्या आधी दोन-तीन गोष्टी विचारायचा हक्कही त्या सहीबरोबर येतो. ओढा आराखड्यात कुठे दाखवलाय? रस्त्याचं पाणी कुठे सोडणार? मुरूम याच उतारावरून काढणार की बाहेरून आणणार? ताली सगळ्याच मोडायच्या की काही ठेवता येतील? मोठ्या लेआउटमध्ये मोकळी जागा सोडावीच लागते. ती कोपऱ्यातल्या कुचकामी तुकड्यात दाखवण्यापेक्षा ओढ्याच्या काठाने सोडली तर पूर आला तरी तिथे पसरेल, कुणाच्या घरात जाणार नाही. हे लेआउट मंजूर व्हायच्या आधी होऊ शकतं. नंतर नाही.

नोटरीवर गुंठा-गुंठा विकतात त्याची मला जास्त काळजी वाटते. तिथे मंजूर आराखडाच नसतो, म्हणजे ओढा कुठल्याच कागदावर नाही. दहा वर्षांनी भांडण झालं तर दाखवायला काय?

कागदाचं बोलते म्हणून थोडं कायद्याचं. जमीन महसूल संहिता 1966 ची आहे. तिच्या कलम 20 प्रमाणे जे नदी-ओढे-नाले कुणाच्या कायदेशीर मालकीचे नाहीत ते सरकारचे. म्हणजे प्लॉटवाल्याचेही नाहीत आणि सरपंचांचेही नाहीत. गावचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, त्यात ओढा काढलेला असतो. आपल्या बऱ्याच गावांत बांधकामाची परवानगी ग्रामपंचायत देत नाही, पीएमआरडीए देते. 2015 पासून ती व्यवस्था आहे. म्हणून ‘आमच्या हातात काही नाही’ हे वाक्य ग्रामपंचायतीत फार ऐकू येतं. परवानगी हातात नसेल, पण ठराव हातात आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. आपल्याकडे ती बऱ्याचदा सह्यांपुरती होते, चहा होतो, फोटो होतो. त्याच सभेत ओढ्याचा ठराव घ्या. ओढ्याची रुंदी मोजून नोंदवावी, मोरीचे पाइप किती आणि केवढे ते लिहावं, ओढ्यात भराव टाकू नये. ठरावाची प्रत पीएमआरडीएला, तहसीलदारांना, पोच घेऊन. पोच फार महत्त्वाची. बचत गटाच्या बाईला पावतीचं महत्त्व मी काय सांगणार.

आणि आपल्या घरचं. हसू नका, पण आपल्यालाही पेव्हर ब्लॉकचं फार वेड लागलंय. अंगण झाडायला सोपं जातं, चिखल होत नाही, मान्य आहे. पण अंगणभर काँक्रीट घालण्यापेक्षा चालण्यापुरती वाट करा, बाकी माती राहू द्या. पागोळीचं पाणी शोषखड्ड्यात सोडा. रस्त्याचं किंवा गोठ्याचं पाणी मात्र विहिरीत, बोअरमध्ये कधीच सोडू नका. ते पाणी पुन्हा आपणच पिणार आहोत. घरोघरी शोषखड्डे झाले की चाळीस एकरांच्या प्लॉटिंगची भरपाई होईल, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. डोंगर तो डोंगर.

एक काम मात्र आपल्याशिवाय दुसरं कुणी करणार नाही. नोंद. आपल्या गटाची बैठक दर आठवड्याला होते, बचत किती, हजेरी किती, सगळं लिहितो. त्यात एक रकाना वाढवा, विहिरीचं पाणी. दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारायच्या, पाण्यापर्यंत किती गाठी गेल्या ते लिहायचं. पावसासाठी सरळ उभ्या कडांचा डबा अंगणात उघड्यावर ठेवायचा. तळ रुंद आणि तोंड अरुंद असा नको, हिशोब चुकतो. रोज सकाळी पट्टीने पाणी मोजायचं, एक सेंटिमीटर म्हणजे 10 मिलिमीटर. ओढ्याच्या मोरीवर रंगाने खुणा करायच्या आणि मोठा पाऊस झाला की पाणी कुठल्या खुणेला किती वाजता पोचलं ते लिहायचं. दोन पावसाळे लिहिलंत तर तुमच्याकडे असा कागद असेल जो सरकारी कार्यालयातही नाही. तेवढ्याच पावसाला ओढा आता किती लवकर चढतो हे तुमच्या अक्षरात दिसेल. साहेबासमोर ‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणणं वेगळं आणि रजिस्टर पुढे करणं वेगळं.

आता शेवटचं, कारण मागून पिठलं गार होतंय अशा खुणा चालल्यात. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आपण आपला ओढा वरून खाली चालणार आहोत. सुरुवात डोंगराच्या पायथ्याला, जिथे नवीन गेट बसवलंय तिथून, आणि शेवट खालच्या मोरीपाशी. साडेतीन-चार किलोमीटर आहे, सावकाश गेलं तरी दुपारच्या आत घरी. गावचा नकाशा मी आणते, मोजायची टेपही माझ्याकडे आहे. तुम्ही एक लांब दोरी, पांढऱ्या रंगाचा लहान डबा, ब्रश आणि प्यायचं पाणी आणा. पायात सपाता नकोत, काटे आहेत. ज्या मावश्यांना आठवतं की ओढा पूर्वी कुठून वळायचा आणि कुठे डोह होता, त्यांना गुडघे दुखत असले तरी आणायचंच, त्यांच्यासाठी रिक्षाची सोय करू. यायचं असेल त्यांनी जेवायला बसायच्या आधी दारातल्या वहीत नाव आणि गटाचं नाव लिहून जा, म्हणजे रिक्षा किती सांगायच्या ते कळेल.